माईकवरची फुंकर

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे घडलं आमच्या दाजींच्या बाबतीत. दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. कॉम्प्युटर दुरुस्त करतात. आणि घडलं तेही भर दुपारी, लख्ख उजेडात, एका साध्या फ्लॅटमध्ये.

ताईला जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. दाजी रडले नाहीत. तिचे कपडे देऊन टाकले, कपाट रिकामं केलं, घरातला कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि कामाला लागले. मला राग आला होता त्यांचा. नंतर कळलं, माणूस आतून सुन्न झाला होता. जेवलात का विचारलं तर क्षणभर आठवावं लागायचं त्यांना.

त्या दुपारी एका काकूंचा फोन आला. कॉम्प्युटर रोज याच वेळी निळा होऊन बंद पडतो म्हणाल्या.

काका गेल्यापासून...

दाजी गेले. काकू एकट्याच होत्या. टेबलासमोर मात्र दोन खुर्च्या. एकीवरची उशी मधोमध दबलेली.

दाजींची एक खोड आहे. गिऱ्हाइकाला ते काही विचारत नाहीत. मी थेट मशीनलाच विचारतो म्हणायचे. ताई चिडवायची, मग लग्नही मशीनशीच करायचं होतंत.

काकू काहीतरी सांगायला लागल्या. दाजींनी नुसती मान हलवली आणि कॉम्प्युटर सुरू केला.

थोडा वेळ काहीच नाही. आतल्या पंख्याची घरघर तेवढी.

मग स्पीकरमधून...

फू... फू...

कोणी माईकवर फुंकर मारून बघावी, तसं.

आणि घोगरा आवाज. "ऐकू येतंय का?"

स्क्रीन निळी.

दाजींनी वाकून टेबलाखाली बघितलं. माईक नव्हता. वायरही नव्हती. काका रोज दुपारी माईकवरून परदेशातल्या मुलीशी बोलायचे. ते गेल्यावर मुलगी तो माईक आठवण म्हणून घेऊन गेली होती.

दुसरा कोणी असता तर बॅग टाकून पळाला असता. दाजींना काहीच वाटलं नाही. भीतीसुद्धा नाही. एखादं जुनं रेकॉर्डिंग वाजत असेल, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात आला. कॉम्प्युटर बंद पडताना का पडला ते लिहून ठेवतो, त्या बिघाडाच्या फाइली त्यांनी उघडल्या. घरी जाऊन निवांत बघायला त्या पेन ड्राइव्हवरही घेतल्या, नेहमीसारख्या.

प्रत्येक वेळी दोष एकाचाच होता. त्या माईकच्या ड्रायव्हरचा.

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला एखादी वस्तू ओळखायला लावणारी फाइल. माईक गेला होता, ओळख तेवढी मागे राहिली होती. फार जुनी, नव्या विंडोजशी अजिबात न जुळणारी. म्हणून सगळं कोसळत होतं.

अशा वेळी शहाणा माणूस जुनी फाइल आधी बाजूला काढून ठेवतो. दाजी ठेवत नाहीत. ‘जुना ड्रायव्हरही पुसा’ या चौकटीत खूण करायची त्यांच्या हाताला सवयच. त्यांनी खूण केली आणि पुसून टाकलं.

कॉम्प्युटर पुन्हा लावला. वाट बघितली.

निळी स्क्रीन नाही...

फुंकरही नाही...

"झालं काकू. आता नाही बंद पडणार."

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. चेहरा उजळला होता.

"बरं झालं बाई. रोज एवढंच विचारतात आणि मेला बंद पडतो. मला हो म्हणायलाही वेळ देत नाही. आता बोलतील ना पुढचं?"

दाजींनी बंद केलेली बॅग पुन्हा उघडली.

त्यांनी संध्याकाळपर्यंत ती फाइल शोधली. माईक बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. फाइल कुठेच मिळेना. काकू स्पीकरला कान लावून बसल्या होत्या. दाजी निघाले तसं त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींनी तो पेन ड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला. हा कॉम्प्युटर कोरा. सगळे ड्रायव्हर नवे. कधी म्हणून बंद न पडलेला. याला माईक तर कधीच नव्हता.

पंख्याची घरघर थांबली...

फू... फू...

"ऐकू येतंय का?"

"येतंय काका," दाजी म्हणाले. "बोला."

पलीकडे खुर्ची सरकल्यासारखं झालं. कोणीतरी कोणालातरी जागा करून दिली. मग लांबून, एका बाईचा आवाज.

"अहो..."

स्क्रीन निळी.

दाजींनी मला फोन केला. हवापाण्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "तुझी ताई आहे."

आता ते रोज दुपारी काकूंना घरी घेऊन येतात. दोघं स्क्रीनसमोर बसतात. दोष त्या पेन ड्राइव्हवरच्या फाइलींत आहे, ते दाजींना माहीत आहे. दुरुस्त केला तर कॉम्प्युटर बंद पडणार नाही, पण मग आवाजही येणार नाही. नाही केला, तर ताई त्या एका शब्दाच्या पुढे कधीच जाणार नाही. म्हणून ते हात लावत नाहीत. काकूही लावू देत नाहीत.

मी एकदाच गेलो होतो. फुंकर ऐकली. काकांना ऐकलं. काकू घाईघाईने हो हो म्हणाल्या. दाजींनी डोळे मिटून घेतले.

आणि तो बाईचा आवाज यायच्या आत मी उठून जिन्यात आलो.

तो आवाज ताईचा नसला, तर दाजींना काय सांगणार होतो मी?

आणि तिचाच असला तर...

माझ्याही कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात हल्ली रोज येतं, ड्रायव्हर जुना झाला आहे, बदला.

मी ‘नंतर’ दाबतो.