पुलाखालचा देखावा

हिवरवाडीचा टँकरनं भरलेला हौद एका रात्रीत कोरडा पडला. झाकणावरचं कुलूप मात्र इमानदारीनं जागच्या जागी होतं.

बहात्तरचा दुष्काळ. हवालदार मच्छिंद्र बेंबळीहून सायकल मारत आला, तेव्हा मथुराबाई रिकामी घागर कडेवर घेऊनच उभी होती. घरात सून बाळंतीण, आणि सरकारी टँकर पुढच्या आठवड्यात. तेही पाणी जंतू मारायची पावडर टाकलेलं. त्याच्या वासानं शेरडंसुद्धा तोंड फिरवायची. माणसांना तेवढा नखरा परवडत नव्हता.

मच्छिंद्रनं हौदाला फेरी मारली. तळाशी गाळ काढायच्या भोकाला लोखंडी बूच होतं. गंजलेल्या बुचावर चकचकीत ओरखडे. तिथून उतार थेट तेरणा नदीच्या पात्रात जात होता आणि उतारावरचे दगड अजून ओलसर होते.

नदीवर निजामाच्या काळात कुण्या गोऱ्या साहेबानं बांधलेला कमानींचा पूल, शेजारी डाकबंगला. दुष्काळ पाहायला निघालेल्या कमिटीच्या जिपा त्याच सकाळी या खोऱ्यातून गेल्या होत्या. दुष्काळ पाहायचाच तर रमणीय ठिकाणाहून पाहावा, एवढी रसिकता सरकारात होती.

बंगल्याचा म्हातारा खानसामा गुलाबभाई पुलाखाली शेळीला पाणी पाजू बघत होता. खडकातल्या डोहात गुडघाभर पाणी चमकत होतं. शेळीनं हुंगलं आणि मान फिरवली.

"चाचा, काल हितं काय होतं?"

"धूळ."

"आन् जिपा हितं कुणी थांबवल्या?"

"सोसायटीच्या चेअरमननं. म्हनले, हितून नजारा लई बेस दिसतो. साहेबांनी फोटू काढले, चा घेतला, गेले."

मच्छिंद्रनं ओंजळ नाकाशी नेली. मग तो सोसायटीच्या इंजनघराकडं वळला.

दुपारी सोसायटीच्या ओट्यावर चेअरमन शरणप्पांसमोर गाव जमलं. मच्छिंद्रचा आवाज चढला नाही.

"कुलूप शाबूत, म्हंजी पाणी खालच्या बुचानं गेलं. ते हातानं निघत न्हाय. तेवढा मोठा पाना गावात एकच, इंजनघरातला, आन् किल्ली तुमच्या कनवटीला. खिडकीतनं बघितलं, आज पान्याच्या जबड्यात तांबडा गंज हाय. डोहाच्या पाण्याला टँकरची पावडर हाय. नदीला पावडरीचा पूर आल्याचं म्या तरी ऐकलं न्हाय, अण्णा."

शरणप्पांनी काहीच नाकारलं नाही. नदी कोरडी दिसली तर सोसायटीची उपसा योजना मंजूर कशी व्हावी, असं त्यांचं म्हणणं. शिवाय दारी आलेल्या पाहुण्याला रिकामं भांडं दाखवायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती.

"मग झाली का मंजूर?" मथुराबाईनं विचारलं.

शरणप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"साहेब म्हनले, योजना आधी दुष्काळी गावांना. तुमच्या नदीला तर पाणी हाय." मग ते म्हणाले, "टँकर बी बंद केला."

कुणी शिवी दिली नाही. शिवीलाही घशात ओल लागते.

मच्छिंद्रनं पंचनाम्याचा विचार केला. पण मुद्देमाल वाळूत मुरत होता, आणि नदी भरलेली असल्याचे साहेबांचे फोटो जिल्ह्याकडं निघाले होते. चोर सापडला होता. चोरी तेवढी सापडायची राहिली होती.

बायका घागरी घेऊन डोहावर धावल्या. खडकाला भेग होती, तिच्यातून पाणी मुरून गेलं होतं. खाली उरला होता नुसता चिखल. गुलाबभाईची शेळी तो चाटत होती. वासाचं आता तिलाही काही वाटत नव्हतं.

मथुराबाईनं तिला हळूच बाजूला सारलं आणि पदराचं टोक चिखलात दाबलं.