सोळावा नमुना

वाऱ्याला पाचपोच नसतो हेच खरं. गच्चीवर दोरीला वाळत घातलेल्या चाळीस कागदांमधून त्याने एकच उचलला, तोही सगळ्यात ओला, आणि खाली रस्त्यावर एवढी माणसं असताना नेमका एकाच्या तोंडावर नेऊन थापला.

ती कठड्यावरून वाकून ओरडली, "अहो, ओढू नका! फाटेल!"

"काय, माझं तोंड?" खालून दबका आवाज आला.

तीन मजले चढून तो वर आला, तेव्हा कागद त्याच्या दोन्ही तळव्यांवर आडवा होता आणि उजव्या भुवईला लगदा चिकटलेला.

"यात बिया आहेत," तो म्हणाला.

"असणारच. बियांचाच कागद आहे. वाचून झाला की मातीत ठेवायचा, वर चिमूटभर माती, पाणी... की रानफुलं येतात."

"एकशे बारा आहेत."

"काय?"

"बिया. जिना चढताना मोजल्या." तो थोडा ओशाळला. "बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत आहे मी. शंभरातल्या किती उगवल्या, ते मोजतो. सवय... जात नाही."

तिला हसू आवरेना. "चुरगळलाय तो. राहू द्या तुम्हालाच. पण आधी भुवई पुसा."

त्याने नेमकी दुसरी भुवई पुसली आणि कागद जपून धरून जिना उतरून गेला. ती उगाचच कठड्यापाशी उभी राहिली, तो कोपऱ्यावर वळेपर्यंत.

चार दिवसांनी पुन्हा तोच दारात! हातात वही, गळ्यात ओळखपत्र.

"वसाहतीच्या समितीने पाठवलंय मला," तो म्हणाला. "मोजायला."

या मोजणीवरच तर तिचं सगळं अडलं होतं. शेजारी नवी वसाहत उभी राहत होती, तीनशे बाल्कन्यांची. समितीतले निम्मे लोक प्लास्टिकची हिरवळ अंथरायच्या बाजूचे. ना पाणी, ना कटकट. पण समितीच्या अध्यक्षबाईंनी मागच्या वर्षी हिचं एक शुभेच्छापत्र कुंडीत टाकलं होतं, आणि त्यातून कॉसमॉस असा फुलला की बाई तिच्याच होऊन गेल्या. त्यांनी तिला सभेत बोलावलं. ती तिथे तावातावाने म्हणाली होती, "उद्याच्या घरात अंगण नसणार, माळी नसणार, कुणाला वेळही नसणार. पण पत्र तर येईल ना? ते कुंडीत टाका. बाग अशी टपालानेसुद्धा येऊ शकते!" लोक हसले, आणि अट घातली. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी शंभर कुंड्या दाखवायच्या. साठ उगवल्या तर तीनशे बाल्कन्या तिच्या, नाहीतर प्लास्टिक.

आणि उगवत काहीच नव्हतं.

तिने पंधरा नमुने लावून पाहिले. माती बदलली, पाणी बदललं, जागा बदलली. रोज संध्याकाळी तो कामावरून सुटला की यायचा, वाकून प्रत्येक कुंडी पाहायचा आणि वहीत गंभीरपणे शून्य लिहायचा.

"एवढं कोरून कशाला लिहिता?" ती चिडायची.

"शून्य आहे म्हणून काय, अक्षर वाईट काढू?"

"जरा एखादा आकडा वाढवला तर हात झडेल का?"

"हात नाही झडणार. पण मग तुम्ही माझ्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही." तो वही मिटायचा. "आणि तो... मला हवाय."

अशा वाक्यांनंतर ती झारी उचलून भलत्याच कुंडीला पाणी घालायची.

तिच्या बाबांचं मात्र त्या दोघांकडे बारीक लक्ष. बाबांनी जन्मभर लाँड्री चालवली. दोन महिन्यांपूर्वी ती बंद केली आणि लेकीकडे राहायला आले; पण रिकामं बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सकाळी ती उठायच्या आत ते दोरीवरचे कागद काढून, कडेला कड जुळवून गठ्ठा रचून ठेवायचे. कागद हल्ली इतके सुरेख, सपाट यायचे की ती म्हणायची, "बाबा, तुमच्या हाताला गुण आहे." बाबा नुसते मिशीत हसायचे.

एका संध्याकाळी तो नेहमीसारखा शून्य लिहून झाल्यावरही घुटमळला. मग खिशातून चौघडी घातलेला एक कागद काढून त्याने तिच्या हातात ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"हे... मी गेल्यावर बघा. निवांत. उत्तराची घाई नाही."

"बरं," ती म्हणाली. लगद्याच्या तिच्या प्रत्येक घाण्यातल्या कागदाचा एक तुकडा तो प्रयोगशाळेत न्यायचा आणि उरलेला असाच चौघडी घालून परत आणायचा. तिचं डोकं कुंड्यांत. तो शेवटच्या पायरीवर पोचायच्या आत तिने कागद मातीत ठेवला, वर चिमूटभर माती पसरली, पाणी शिंपडलं आणि पाटी खोचली. 'नमुना सोळा.'

पुढचे आठ दिवस तो यायचा, मोजायचा, पण सोळाव्या कुंडीकडे त्याचं लक्षच नसायचं. तो तिच्याकडे बघायचा. ती काही बोलेना, तसा त्याचा चेहरा रोज थोडा थोडा उतरत गेला. ती मनात म्हणायची, याला बिचाऱ्याला माझ्या शून्यांचं किती वाईट वाटतंय!

नवव्या दिवशी तो जिन्यातच होता आणि ती वरून धावत आली.

"उगवलं! सोळावा उगवला! चला, मोजा!"

मातीतून हिरवे नाजूक कोंब वर आले होते, आणि एका कोंबाने कागदाचा कपटा टोपीसारखा डोक्यावर उचलून धरला होता. कपट्यावर निळी शाई फुटलेली. तो मोजायचं विसरून बघतच राहिला.

"हे... तुम्ही पेरलंत?"

"मग काय करायचं?"

"वाचायचं!" त्याचा आवाज चिरकला. "दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं मी! चार वेळा कच्चं करून!"

ती कपट्यावर वाकली; एकही अक्षर लागेना. नमुना... नव्हता तो. आठ दिवस हा माणूस उत्तराची वाट बघत जिना चढत होता, आणि तिने त्याचं मन मातीत पुरून वर पाणी घातलं होतं!

"काय लिहिलं होतं?" तिने हळूच विचारलं.

"आता रविवारनंतर सांगेन." तो एकदम हसायला लागला. "उगवलं तरी."

"थांबा... हा कागद कुठल्या घाण्यातला?"

"माझ्या तोंडावरचा. पहिल्या दिवशीचा. खिडकीत वाळवला होता."

म्हणजे दोरीवरून उडालेला. बाबांनी न काढलेला! तिने मान वळवली. बाबा दारात उभे होते, हातात इस्त्री.

"अगं, सकाळी दमट असतात ते," बाबा चाचरले. "आणि चुरगळलेला माल मी जन्मात गिऱ्हाइकाला दिला नाही... जरा हात फिरवायचो, इतकंच."

"गरम?"

"कडक."

"बाबा! तुम्ही बिया भाजल्यात!"

बाबांचा चेहरा इतका पडला की रागवायचं राहूनच गेलं. तिने त्यांच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि त्यांना मिठी मारली. "आता सगळा माल चुरगळलेलाच द्यायचा, कळलं?"

रविवारला बारा दिवस होते. तिने त्याच रात्री लगदा भिजवला, चौकटी बुडवल्या, कागद उचलले. बाबा दोन दिवस वर्तमानपत्राने कागदांना वारा घालत बसले. तो मात्र यायचा बंद झाला. सोळाव्या कुंडीकडे पाहून तिला रोज वाटायचं, गेला हा... आपणच घालवला.

रविवारी वसाहतीच्या अंगणात शंभर कुंड्या मांडल्या. मोजायला आल्या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्याच एक बाई. तो गर्दीत मागे उभा होता.

"आधीचे मोजणारे का बदलले, म्हणून विचाराल," अध्यक्षबाईंनी चष्मा चढवला, "तर त्यांची चिठ्ठी वाचते. 'मोजणारा माणूस तटस्थ असावा लागतो. मी तसा राहिलेलो नाही. निकाल लागेपर्यंत मी त्या गच्चीची पायरी चढणार नाही. कृपया मला मोकळं करावं.'"

अंगणभर हशा पिकला. तिचा चेहरा लालबुंद, बाबांची मिशी थरथरत होती. मोजणाऱ्या बाई ओळीने पुढे सरकत होत्या, आणि प्रत्येक कुंडीत हिरवं होतं... हिरवं... हिरवं.

"चौऱ्याण्णव!"

टाळ्यांच्या कडकडाटात प्लास्टिकवालेसुद्धा सामील झाले. बाबा भेटेल त्याला सांगत सुटले, "कागदांना इस्त्री करायची नसते हो, मुद्दाम असेच चुरगळलेले ठेवतात!"

ती गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली आणि चौघडी घातलेला एक चुरगळलेला कागद त्याच्या हातात ठेवला.

"सतरावा नमुना?"

"आधी वाच," ती म्हणाली. आपण 'वाच' म्हणालो हे तिला बोलून गेल्यावर कळलं.

त्याने घडी उघडली. 'तुझं पत्र मला वाचता आलं नाही, पण ते उगवलं. जे काही विचारलं असशील, त्याला माझं हो आहे.'

त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग कागद नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला, अगदी आत.

"पेरायचा नाही का?" तिने विचारलं.

"पेरू की. तुझ्या माझ्या बाल्कनीत," तो म्हणाला. "ती मिळेपर्यंत रोज वाचणार."