प्रभावळीतली निळी तार

"विठ्ठल शिंकत नाही," प्राजक्ताने श्रद्धाला तिसऱ्यांदा बजावलं.

"कपाळावरचा बुक्का नाकात उतरला तर?"

"तरी नाही. कमरेवर हात, डोळे उघडे, आणि गजर संपेपर्यंत हलायचं नाही."

तिची पाच वर्षांची धाकटी बहीण श्रद्धा पाटावर उभी राहून सराव करू लागली. आकुर्डी गावठाणातल्या कीर्तन सप्ताहाची ही शेवटची संध्याकाळ. उद्धवराव महाराजांचा अखेरचा गजर रंगात आला की मागचा पडदा सरकणार, विटेवर श्रद्धा विठ्ठल होऊन उभी दिसणार आणि तिच्या डोक्याभोवती हिरव्या प्रकाशाची प्रभावळ फिरणार, असा बेत होता.

प्रभावळ काढणारा डबा प्राजक्ताच्या थोरल्या भावाने, निरंजनदादाने, हौसेने घरीच बनवला होता. आत एक लेझर आणि नखाएवढे दोन आरसे, प्रत्येकाला स्वतःची इवलीशी मोटर. आरसे इतके झरझर हलत की पडद्यावर पडणारा एकच ठिपका अख्खं वर्तुळ दिसे, अंधारात पेटती उदबत्ती फिरवावी तसं. पण डब्याला एक खोड होती. ऐन कीर्तनात प्रभावळ मध्येच विझायची.

ती खोड शोधायचं काम दादाने मेच्या सुट्टीत प्राजक्ता आणि तिचे वर्गमित्र समाधान आणि कुलदीप यांच्यावर सोपवलं होतं. मीटर कसा धरायचा ते त्याने शिकवलं. डब्याच्या डाव्या बाजूला घरातली वीज येते, तिकडे बोटही न्यायचं नाही. उजवीकडे टॉर्चएवढीच वीज, तिथे काम करायचं, तेही एक हात खिशात ठेवून. आणि अंदाज सांगायचा नाही, मीटर सांगेल तेच खरं. त्याप्रमाणे तिघांनी फ्यूज तपासला, सप्लाय तपासला. दोन्ही ठणठणीत! खोड मात्र सापडेना.

आज दुपारी कुलदीप धावत आला. खोड गेली होती म्हणे. मांडव आणि स्पीकर ज्यांचे होते, त्या शेखरकाकांनी ती चुटकीसरशी घालवली होती.

"काकांकडे मीटर नाही," समाधान म्हणाला. "मग त्यांनी काय बघून दुरुस्त केलं?"

मंडळी जेवायला गेलेली पाहून तिघं मांडवात शिरली. मांडवाच्या मागच्या टोकाला एका कपाटाएवढ्या स्पीकरवर डबा ठेवलेला होता, आणि त्याचं तोंड खाली, थेट विटेकडे वळवलेलं. दादाने प्रभावळ वर स्टेजच्या कमानीवर काढली होती. प्रकाशाच्या वाटेत कोणी उभं राहायचं नाही, ही त्याची पहिली अट होती. श्रद्धाला विटेवर उभं करायचं मोठ्यांनी आजच ठरवलं होतं, आणि दादा तर सकाळीच चाकणला कंपनीत गेलेला. तिथे फोन गेटवरच जमा करून घेतात.

समाधानने उजव्या बाजूचं झाकण उघडलं. आत हिरव्या पट्टीवर एक छोटं सर्किट होतं. आरशांवर पहारा ठेवणारं. आरसे थांबले की ते लेझर बंद करतं. त्या सर्किटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक नवीकोरी निळी तार टाकलेली होती.

समाधान तारेकडे वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "डायरेक्ट केलंय."

हा कारखान्यांतला शब्द आकुर्डीत पोराटोरांनाही ठाऊक. पत्रा कापणाऱ्या प्रेसखाली हात गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. तो सारखा मशीन थांबवायला लागला आणि माल पुरा करायची घाई असली, की कोणीतरी तार टाकून सेन्सर डायरेक्ट करतं. मग मशीन कशालाच थांबत नाही. समाधानच्या वडिलांच्या, साहेबरावांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती, ती अशाच एका तारेमुळे.

"म्हणजे डबा मध्येच विझायचा, ती खोड नव्हतीच," प्राजक्ता म्हणाली. "तो आपल्याला वाचवत होता. आरसेच थांबत होते."

पण का? डबा बंद करून समाधानने मीटरच्या टोच्या दोन्ही मोटरांना वीज नेणाऱ्या वायरीला लावल्या. पीं असा आवाज आला, म्हणजे जोड नीट होता. कुलदीपने स्पीकरवर दणकन बुक्की मारली. पीं तुटलं आणि पुन्हा सुरू झालं. वायर जोडणारा सोल्डरचा टाका तडकला होता! पखवाजाच्या घुमाऱ्याने स्पीकर हादरायचा, टाका सुटायचा, दोन्ही मोटरा थांबायच्या.

तिघांनी विटेवर काठी रोवून काळा कार्डपेपर टांगला, डब्याच्या मागे येऊन डबा सुरू केला आणि पुन्हा बुक्की मारली. कागदाभोवतीचं वर्तुळ मिटलं. झरकन एका ठिपक्यात गोळा होऊन मधोमध स्थिर झालं. कागदातून धुराची रेघ निघाली.

मधोमध, म्हणजे जिथे श्रद्धाचा चेहरा असणार होता.

प्राजक्ता घरी पळाली आणि आजोबांना, यशवंतरावांना घेऊन आली. सप्ताहाचे कर्तेधर्ते तेच. मागोमाग आई शालनबाई आणि शेखरकाकाही आले. कुलदीपने बुक्की मारली. प्रभावळ शांत फिरत राहिली. दुसरी मारली. तिसरी मारली. फॉल्टची ही जातच अशी, बघायला माणसं बोलावली की शहाण्यासारखा वागतो.

"बघा वहिनी, हलतंय का काही?" शेखरकाका हसले आणि पोरांकडे वळले. "तुमच्या जन्माआधीपासून मांडव घालतोय रे मी."

समाधानने जळलेला कागद पुढे केला. काकांनी तो उदबत्तीने जाळला असेल म्हणून उडवून लावला. डबा घरी नेऊन टाका मारू द्या, असं प्राजक्ताने विनवलं. पण आजोबांना पाहुण्यांसमोर प्रभावळ हवीच होती.

"न्हाई म्हणजे न्हाई," ते म्हणाले. "महाराजांच्या कीर्तनात इघ्न नको. आन् त्या डब्यापाशी एक पोरगं दिसता कामा नये."

सात वाजता मांडव भरला. महाराज उभे राहिले, वीणेकऱ्याच्या पायांवर माथा टेकला आणि पहिला सूर लावला, तसं इतकं मोठं गावठाण समईसारखं शांत झालं. एरवी प्राजक्ता कीर्तनात देहभान विसरायची. आज तिला फक्त पखवाज ऐकू येत होता. तो अजून मवाळ वाजत होता. गजराला चढणार होता.

"नुसती डब्याची पिन काढू?" कुलदीपने विचारलं.

"काका परत लावतील," समाधान म्हणाला. "तार काढली तर आरसे थांबताच डबा स्वतःच विझेल. काकांना डब्याशेजारून उठवा फक्त."

प्राजक्ता सरकत बायकांच्या बाजूच्या भोंग्याजवळ गेली आणि त्याची वायर हळूच उपटली. मग स्टेजच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. काहीच जमलं नाही, तर सगळ्यांसमोर श्रद्धाला उचलून पळायचं तिने ठरवलं होतं.

"काका, बायकांकडे आवाजच येत नाहीये," कुलदीप शेखरकाकांच्या कानाशी लागला. "आजोबा चिडलेत."

काका लगबगीने उठले. ते अर्ध्या वाटेत असतानाच गजर सुरू झाला. विठ्ठलनामाच्या गजरात बसलेलं माणूस बसून राहत नाही. सारा मांडव उभा राहिला, हात वर गेले, आणि उंचावलेल्या हातांच्या जंगलात काकांना वाट मिळेना. पडदा सरकला. श्रद्धा विटेवर उभी होती, डोळे टक्क उघडे. तिच्याभोवती हिरवी प्रभावळ फिरू लागली आणि लोकांच्या तोंडून एकच हुंकार निघाला.

समाधानने झाकण उघडलं. डावा हात खिशात. उजव्या हातात नेलकटर. अंधारात तार निळी की काळी ते कळेना. बोटाखाली स्पीकर थरथरत होता. नवी तार ताठ असते, हे आठवून त्याने चाचपलं. पखवाज चढला. प्रभावळीला एक गचका बसला.

कट.

वर्तुळ मिटलं, ठिपका श्रद्धाच्या कपाळाकडे झेपावला आणि तिथे पोचण्याआधीच विझला.

"कोण आहे रे तो!" शेखरकाका ओरडत परत आले. त्यांनी समाधानची कॉलर धरली आणि दुसऱ्या हाताने तार जोडायला वाकले.

तेवढ्यात पखवाज थांबला. महाराजांनी हात वर केला होता. भर गजरात त्यांना थांबलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"शेखरराव, लेकराला सोडा," ते माइकवर म्हणाले. "तो उजेड आवळत पोरीच्या तोंडावर आलेला मी इथून पाहिला. बाळ, तू बोल."

समाधानने उघड्या डब्याकडे बोट दाखवलं. मग त्याने सगळं सांगितलं, टाका, पहारा, तार. महाराजांनी श्रद्धाला खाली उतरवलं, तिच्या जागी काळा कागद टांगायला लावला, प्रकाशाच्या वाटेतली माणसं बाजूला केली आणि शेखरकाकांनाच तार जोडायला सांगितली. पखवाज घुमला. मिटलेल्या वर्तुळाच्या जागी, सगळ्या गावाच्या देखत, कागदाने धूर सोडला.

शेखरकाकांची नजर गर्दीत काहीतरी शोधू लागली. त्यांचीही मुलगी पहिल्या रांगेत होती. त्यांनी स्वतःच डब्याची पिन काढली, निळी तार उपटून समाधानच्या हातात दिली आणि त्याच्यासमोर हात जोडले.

यशवंतरावांनी श्रद्धाला उचलून घट्ट धरलं. "माझ्या डोळ्यांवरच झापड आली व्हती," ते तिघांना म्हणाले. "पोरांनो, आज तुमी देव वाचवला."

महाराजांनी आपल्या गळ्यातला हार समाधानच्या गळ्यात घातला. "कीर्तनात टाळ चुकला की मागचा टाळकरी सावरतो," ते म्हणाले. "आज माझ्या कीर्तनाचा टाळकरी स्पीकरपाशी उभा होता." आणि साध्या समईच्या उजेडात गजर पुन्हा उभा राहिला.

आजोबांच्या खांद्यावरून श्रद्धाने प्राजक्ताला हाक मारली. "ताई, आता चालेल?"

"काय चालेल?"

श्रद्धा सणसणीत शिंकली.

मांडवाच्या कडेला साहेबराव उभे होते. समाधान जवळ आला, तशी त्यांनी तीन बोटांच्या हाताने त्याची मान कुरवाळली. शाबासकीचं मात्र काही बोलले नाहीत.

"ती तार कुठाय?" त्यांनी विचारलं.

समाधानने खिशातून निळा तुकडा काढून दिला. साहेबरावांनी तो शर्टाच्या वरच्या खिशात जपून ठेवला.

"सकाळच्या शिफ्टला नेतो," ते म्हणाले. "आमच्याकडे अजून दोन प्रेस डायरेक्ट आहेत."