वीस मिनिटं

निवास चौगुल्यांनी पेटी अशी सजवली होती, जणू घरात नवी सून यायची आहे. दीड फुटाची काचेची पेटी, तळाला वीतभर माती आणि नारळाचा भुसा, कोपऱ्यात आडवं टाकलेलं कौल, पाण्यासाठी बरणीचं झाकण. हवा खेळावी म्हणून पाडलेली भोकंसुद्धा एका ओळीत, मापात. तेहेतीस वर्षं एसटीच्या आगारात इंजिनं खोलून बसवलेला माणूस तो, वाकडं भोक त्यांना खपलंच नसतं.

आणि हा सगळा थाट कुणासाठी, तर एका केसाळ कोळ्यासाठी! साधं झुरळ दिसलं तरी बायकोला हाक मारणाऱ्या निवासकाकांनी टॅरंटुला पाळायची तयारी करावी, याचं गल्लीत सगळ्यांना हसू येत होतं. पण अर्ज त्यांनी केलाच नव्हता, त्यांच्या बायकोने, उज्ज्वलाकाकूंनी केला होता. गावाजवळच्या पठारावरचं रान संपलं तेव्हा संवर्धन केंद्राने तिथे उरलेल्या टॅरंटुला गोळा केल्या आणि सांभाळायला घरोघरी द्यायचं ठरवलं. काकू लहानपणी त्याच पठारावर गुरं राखायच्या. त्यांचा नंबर तीन वर्षांनी लागला, आणि तोवर त्यांना जाऊन सात महिने झाले होते. अर्ज रद्द करायला काकांचं मन धजलं नाही.

आज केंद्राची तमन्ना मुल्ला तपासणीला आली होती. टॅरंटुलाचा बारीक भोकांचा डबा तिने दाराआड सावलीत ठेवला आणि पेटीभोवती एक चक्कर मारली.

"माती कशी ठेवलीय काका?"

"निम्मी ओली, निम्मी कोरडी. कुठं बसायचं ते तिचं तिनं ठरवावं."

"खायला?"

"आठवड्याला एक किडा. न्हाई खाल्ला तर दुसऱ्या दिवशी काढायचा."

"हातावर घ्याल?"

"मी? अगं आई गं! लांबूनच नमस्कार."

तमन्ना खळखळून हसली. मग तिने झाकण उचललं, आणि झाकणाच्या आत चिकटवलेली पट्टी तिला दिसली.

अशी जीवपट्टी आता घरोघरी असते, पाळण्याला, गोठ्याला, दवाखान्यातल्या प्रत्येक खाटेला. अंगाला न लागता ती आत वाहणाऱ्या रक्ताची चाहूल घेते. जीव असेपर्यंत हिरवी राहते, जीव गेला की करडी होते. करडी होऊन वीस मिनिटं झाली की पुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

"ही काढा," तमन्ना म्हणाली.

"का? नवीकोरी हाय. एवढी खात्रीची वस्तू."

"टॅरंटुलाला नाही चालत. वाढताना ती कात टाकते. आधी खाणं सोडते, मग एक दिवस उताणी पडते, पाय वर करून. त्या वेळी तिच्या रक्ताची चाल बदलते, ती पट्टीला ऐकूच येत नाही. पट्टी करडी होते. पहिल्या वर्षी नऊ जणांनी चांगल्या जिवंत टॅरंटुला तुळशीच्या कुंडीत पुरल्या, काका."

"जित्त्या?"

"जिवंत. मेलेली असेल तर पाय पोटाखाली आखडतात, ती खूण वेगळी. उताणी दिसली की हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही. नुसतं थांबायचं."

"किती?"

"ती उठेपर्यंत. कधी चार तास, कधी अख्खा दिवस."

निवासकाका खाली बसले. त्यांनी आपले दोन्ही तळहात उघडून पाहिले. तमन्नाला आपलं काय चुकलं तेच कळेना.

"उज्ज्वला कपडे वाळत घालताना पडली," काका म्हणाले. "दवाखान्यात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला तिच्या खाटेची पट्टी करडी झाली. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी कागद पुढं केला, श्वासाचं यंत्र काढायचा. मी तिचे पाय धरून बसलो होतो. गरम होते गं. आगारात मी आयुष्यात मापाच्या काट्यावर विसंबलो न्हाई. इंजिनावर हात ठेवून सांगायचो, ह्यात अजून जीव हाय का न्हाई. आणि त्या दिवशी माझा हात सांगत होता, तरी मी पट्टीचं ऐकलं. सही केली."

"काका, माणसाचं वेगळं असतं. माणूस काय कात टाकतो?"

"ते मला कळतंय. पण पट्टीला जे ऐकू येत न्हाई ते नसतंच, हे कुणी ठरवलं?"

तमन्नाने हातातलं झाकण खाली ठेवलं. तिला वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. पालकाचं मन तयार नसेल तर डबा परत न्यायचा, असा नियम होता.

"तुम्हाला जड जात असेल तर पुढच्या नावाला देते," ती हळूच म्हणाली. "कुणी काही बोलणार नाही."

काका उठले. नखाने पट्टीची कड उचकटली आणि ती ओढून काढली.

"न्हाई. तिनं मागितलेली हाय. सोड आत."

पाच महिन्यांनी एका सकाळी साडेसातला काका बघतात तो काय, काचेला लागून केलेल्या बिळात टॅरंटुला उताणी पडलेली. आठही पाय वर. तीन आठवडे तिने काही खाल्लं नव्हतं.  त्यांनी लगेच तमन्नाला फोन लावला.

"हात लावू नका काका! पाय आखडलेत?"

"न्हाई."

"मग थांबा."

काका खुर्ची ओढून बसले. वीस मिनिटं झाली तेव्हा ते आपोआप उठून उभे राहिले, मग त्यांनी स्वतःला पुन्हा खाली बसवलं. चहा निवून गेला. शेजारणीने हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. "हाय मी इथं, हाय," असं ते मधूनमधून काचेला सांगत होते. दुपारी बाराच्या सुमाराला तिच्या कडेला एक चीर दिसली. मग एक पाय सुटला, मग दुसरा. जुनी कात मागे टाकून ती बाहेर आली, ओली, फिकट, आणि सावकाश पालथी झाली.

"आली! तमन्ना, आली गं!" काका फोनवर अक्षरशः ओरडले, आणि रडायला लागले.

"बघा, म्हटलं नव्हतं?" तमन्ना म्हणाली. "आता दहा दिवस खायला देऊ नका, दात मऊ असतात तिचे."

"व्हय, व्हय." काकांनी डोळे पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन. सव्वासहा तास.

"तमन्ना," ते म्हणाले, "उज्ज्वलाला रात्रभर दवाखान्यातल्या थंड खोलीत ठेवलं होतं. मला बाहेर बाकड्यावर बसवलं. सकाळी स्मशानात नेलं आम्ही तिला. सही केल्यापासून मधे चौदा तास होते. त्या चौदा तासांत कुणी बघत बसलं होतं का गं तिच्याकडं?"