सहाव्या ओळीतलं माणूस

मीनल, तो मोठा दिवा नको लावूस. आणि रवी, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. ही आमच्या उदय दातारची गोष्ट. त्याच्या तोंडून मी तीनदा ऐकली, आणि तिन्ही वेळा कानामात्रेचा फरक नव्हता.

तेव्हा उदय ग्लासगोला होता. त्याची बायको मंजिरी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, सातवा महिना लागलेला. उदय पुण्याचा इंजिनिअर, पण तिथे त्याला कुणी दारात उभं करेना. म्हणून एक्क्याण्णव साली सेन्सस, म्हणजे आपली जनगणना, आली तेव्हा त्याने ते काम घेतलं. घरोघरी फॉर्म द्यायचे, भरलेले परत आणायचे. नियम साधा. रविवारी, एकवीस एप्रिलच्या मध्यरात्री जो ज्या घरात असेल, त्याला त्या घरात मोजायचं. उदयने स्वतःच्या घरचाही फॉर्म भरला. काळ्या शाईत, पहिल्या ओळीत तो, दुसरीत मंजिरी. पोटातल्याला ओळ नाही म्हणून ती लटकंच रुसली.

सोमवारी संध्याकाळी तो फॉर्म गोळा करायला निघाला. "नऊला परत येतो. भात मी लावतो, तू पाय वर घेऊन बस," असं सांगून गेला.

शहराच्या मधोमध एक वीस मजली टॉवर त्याच्या वाट्याला आला होता. मधलं शहर तेव्हा ओस पडत चाललं होतं. गोदीतली कामं गेली, कारखाने गेले, त्यांच्यामागे माणसंही गेली. कुणी शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत, कुणी थेट कॅनडात. एकशेवीस फ्लॅटपैकी अकराच भरलेले, बाकीच्या दारांना कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, पोलादी पत्रे ठोकलेले. अकरा फॉर्म हातात आले तेव्हा नऊला वीस मिनिटं होती.

लिफ्ट बंद, म्हणून तो जिन्याने उतरत होता. चौदाव्या मजल्यावर एक दार उघडं दिसलं. फॉर्म वाटताना तिथे पत्रा होता, असं त्याला पुसटसं आठवलं. पण उदय हा असा, एक माणूस मोजायचं राहिलं तर रात्रभर झोप न येणारा. त्याने डोकावून पाहिलं. आत एक गोरी म्हातारी खुर्चीत बसली होती.

"ये, बाळा," ती तिकडच्या इंग्रजीत म्हणाली. "सगळ्यांकडे गेलास. आमच्याकडेच आला नाहीस."

उदयने दारातच बूट काढले. अरे, तिथे कुणी काढत नाही! पण आत गालिचा, समोर म्हातारं माणूस, आणि आपली जन्माची सवय. बूट काढून तो आत गेला, पिशवीतून कोरा फॉर्म काढला.

"मला दिसत नाही. तूच लिही."

मोठ्या माणसाला नाही म्हणणं आपल्याला जमतं कुठे? तो लिहू लागला. म्हातारी. तिचा नवरा. दोन मुलगे. एक सून. पाच ओळी भरल्या.

"हे सगळे काल रात्री बारा वाजता इथे होते?"

"जातील कुठे?"

"आणि आत्ता?"

म्हातारीने आतल्या खोलीकडे मान वळवली. तिथे अंधार होता.

"सगळी बिल्डिंग गेली," ती म्हणाली. "एकेक जण किल्ली देऊन गेला. आम्ही राहिलो. माणसं कमी झाली की पाडतात ना रे? एक ओळ उरलीय बघ."

"ती रिकामी ठेवायची, मॅडम."

"लिही."

आता ऐका. उदय लिहीत नव्हता... हात लिहीत होता. त्याने खाली पाहिलं. सहाव्या ओळीत त्याचंच नाव. त्याच्याच अक्षरात.

तो दाराकडे धावला. दार नव्हतं. गार पत्रा. बाहेरून ठोकलेला. त्याने मुठी आपटल्या. मंजिरीला हाक मारली. आतल्या खोलीत खुर्ची सरकली... दुसरी... तिसरी...

"ओरडू नकोस," म्हातारी म्हणाली. "बूट काढलेस ना? आता घरचाच तू."

चौथी...

उदयने फॉर्म फाडला. उभा, आडवा, तुकडे तुकडे. मग... काही नाही. वारा नाही. आवाज नाही.

तो जिन्यावर बसलेला होता. पायात नुसते मोजे. समोर पत्रा, स्क्रू गंजलेले. घड्याळात बाराला पाच मिनिटं. तो तसाच घरापर्यंत धावला.

मंजिरी दारातच रडत उभी होती. तिने त्याला घट्ट धरलं. तो म्हणाला, आलो गं, आलो. मग त्याची नजर टेबलावर गेली. घरचा फॉर्म.

"काका, पण तो म्हातारीचा घर तर एम्प्टी होता ना?"

होतं, रवी. सहा महिन्यांपासून. पण घरचा फॉर्म... दुसऱ्या ओळीत मंजिरी होती. पहिली ओळ कोरी. खाडाखोड नाही, डाग नाही. उदयने तिच्यासमोर पेन घेतलं, पुन्हा नाव लिहिलं. उमटलं नाही. मंजिरीच्या ओळीत टेकवलं की शाई यायची. वरच्या ओळीत... तिनेही लिहून पाहिलं.

शेवटी फॉर्म तसाच गेला. सरकारदरबारी, त्या रविवारी रात्री उदयच्या घरात एकच माणूस होतं.