अकरा सेकंदांचा पट्टा

वीज येईपर्यंत बसलाच आहात, तर ऐका. भुताखेताला हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, मीही हसायचो. पण हे ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसला.

त्याला आम्ही सुसाट म्हणायचो. वेबसाइट कुठे अडखळते ते शोधून तिला पळती करायची, हा त्याचा धंदा. एका मंगळवारी संध्याकाळी एका रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी त्याला साधं काम दिलं. रुग्णवाहिका मागवायचं पान जुन्या फोनवर अडकतं अशी तक्रार होती, तेवढं बघायचं. पान सुसाटनंच बनवलेलं. हीच तक्रार सहा महिन्यांपूर्वीही आली होती. तेव्हा यानं आपल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर पान उघडलं आणि ‘माझ्याकडे तर पळतंय’ असं कळवून हात झटकले. हसू नका, तुम्हीही हेच करता.

मधल्या काळात त्याची आई गेली. दुसऱ्या गावात एकटी राहायची, जुना फोन वापरायची. सकाळी शेजारणीला ती अंथरुणात दिसली. उशाशी फोन होता, चार्जिंग संपलेला. तिच्या गावालाही याच रुग्णालयाची गाडी जायची, पण त्यांच्याकडे तिची विनंती आलेलीच नव्हती. झोपेतच गेल्या, त्यांना कळलंही नसेल, असं सगळे म्हणाले. त्या एका वाक्याच्या आधारावर हा दोन महिने उभा होता.

त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, घरी एकटाच असताना, त्यानं ब्राउझरचं ट्रेसिंग लावलं. म्हणजे काय, तर रेकॉर्डचं बटण दाबायचं. ब्राउझर काय काय करतो याची क्षणाक्षणाची नोंद होते आणि रंगीत पट्ट्यांच्या रूपात समोर येते. संगणक मुद्दाम जुन्या फोनइतका मंद चालवायचीही त्यात सोय असते. ती या गड्यानं आज पहिल्यांदा वापरली. पान उघडलं, हात मांडीवर ठेवले आणि थांबला.

पट्टा आला तो एकच, अकरा सेकंद लांब. त्यानं हौसेनं घातलेला हलता नकाशा सगळी वाट अडवून बसला होता. तेवढा वेळ कोणी कितीही बटण दाबलं, तरी पानाला त्याचा पत्ता नसणार.

आणि त्याच्या वरच्या ओळीत काही नोंदी होत्या. बोटाच्या स्पर्शाच्या. रुग्णवाहिकेच्या बटणावर. सात.

त्याच्या लॅपटॉपला स्पर्शाचा पडदा नव्हता.

त्यानं पुन्हा रेकॉर्ड केलं. हात पाठीमागे बांधून. पुन्हा सात. पहिले तीन लागोपाठ. थोडं थांबून दोन. मग एक... मग बराच वेळ काहीच नाही... मग शेवटचा.

तिला कळलं होतं. सगळं कळलं होतं.

“आई?”

मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. रडत रडत नकाशा काढून टाकला. बटण सगळ्यात आधी जागं होईल असं केलं. सकाळची वाट न बघता नवं पान साइटवर चढवलं आणि पुन्हा रेकॉर्ड लावलं.

या वेळी स्पर्श एकच होता. विनंतीचा अर्ज लगेच उघडलेला.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. रुग्णवाहिकेच्या कक्षातली बाई बोलत होती. गाडी तुमच्या आईंच्या दारात उभी आहे, पण दाराला कुलूप आहे, म्हणाली. विनंती आत्ताच आली होती, दोन पन्नासला. रुग्णाच्या नावापुढे मुलाचा नंबर होता म्हणून तिनं फोन लावला.

“खरं तर लावणार नव्हते,” ती ओशाळून म्हणाली. “तसं खाली लिहिलंय ना.”

त्या विनंतीचा छापील कागद अजून त्याच्याकडे आहे. मी हातात घेऊन पाहिलाय. निरोपाच्या रकान्यात दोनच वाक्यं आहेत.

‘मुलाला उठवू नका. दिवसभर काम करून दमलेला असतो.’