मणक्यांआधीची दोरी

आई न्हाणीघरात घसरली, कंबर धरली, एवढंच निमित्त. मुलगी सतरा वर्षं एका दवाखान्यात एक्स-रे काढत होती. तिने आईला मशिनसमोर उभं केलं. चित्र पडद्यावर आलं तशी तिने आधी मशिनलाच शिव्या घातल्या. कमरेला मणके पाच असतात. इथे चार होते. पाचव्याच्या जागी पेन्सिलीएवढी एक करडी, सरळ पट्टी होती.

दुसऱ्या मशिनवरही चारच.

पुढच्या सोमवारी कमरेत एकही मणका उरला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी पाठीतलेही गेले आणि पट्टी मानेपर्यंत चढली. आईचं दुखणं मात्र पळालं होतं. बाई भाजीच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढत होत्या!

आईने कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं; डॉक्टर तिचेच विद्यार्थी. त्यांनी संमतीचा कागद मुलीपुढे सरकवला.

“बाई, आडव्या व्हा. परवा पाठीत सळ्या घालू. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

वडीलही असेच दोन दिवसांसाठी आडवे झाले होते आणि नऊ वर्षं उठले नाहीत. तेव्हाही सही तिचीच होती.

“पृष्ठरज्जू म्हणजे काय?” आईने उभ्यानेच विचारलं.

डॉक्टर त त प प करू लागले. “गर्भातली लवचीक दोरी. पुढे... पुढे मणके तिची जागा घेतात.”

“बरोबर. हाडांचं कौतुक फार नंतरचं रे. त्याआधी समुद्रात बोटाएवढे जीव होते, त्यांच्या पाठीत ही दोरी तेवढी होती. तू, मी, मासे, पाखरं, सगळं घराणं तिच्यावर उभं राहिलं. आणि तू मला सळ्या घालणार?”

“तुम्ही कोसळाल, बाई!”

“कोसळेन तेव्हा ये उचलायला.”

मुलीने शेवटचं चित्र डॉक्टरांना दाखवलंच नव्हतं. एक्स-रेच्या खोलीत परत आल्यावर तिने ते आईसमोर धरलं. पट्टी मानेशी थांबली नव्हती. कवटीत शिरून थेट कपाळापर्यंत गेली होती. कवटीची कड पाणी घातलेल्या दुधासारखी दिसत होती. जबडा दिसतच नव्हता.

आईने चष्मा सावरला. “वाळूत स्वतःला पुरून घेणारे काही जीव अजून आहेत. त्यांची दोरी अशीच जाते, पार नाकाडापर्यंत.”

“आई, मला भीती वाटते.”

“मलाही वाटते. पण मी आडवी होणार नाही.”

मुलीने संमतीचा कागद उभा फाडला. मग आडवा. फार बरं वाटलं तिला.

दोघी भर दुपारी चालत घरी आल्या. आई पुढे, ताठ. मुलगी मागे, धापा टाकत.

जिन्याखाली आई थांबली. घामाने निथळत होती. मुलीने रुमालाने तिचं कपाळ पुसलं.

आई कठडा न धरता तिसऱ्या मजल्यावर पोचली.

“किल्ली दे,” ती म्हणाली आणि वळली.

कपाळावर मुलीच्या चार बोटांचे खळगे अजून तसेच होते.